पितळेच्या तपेलीतले दूध : एका बालरोगाचा शोध

१/
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी आणि शिलालेख डोळ्यांसमोर येतात. दूध तापवण्याची तपेली त्या यादीत सहसा नसते. मात्र जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाला न उलगडलेल्या एका बालरोगाचा माग अखेर याच तपेलीपर्यंत पोहोचला. तो माग काढण्यात पुण्यातील एका रुग्णालयाचा वाटा मोठा होता.

२/
१८८७ साली कलकत्त्यातील डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका विचित्र विकाराची नोंद केली. १८९१ मध्ये गिबन्स या डॉक्टरांनी त्याचे अधिक तपशीलवार वर्णन केले. पुढे हा विकार वैद्यकीय ग्रंथांत ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या नावाने स्थिरावला. सिऱ्होसिस म्हणजे यकृताच्या जिवंत पेशी मरून त्यांच्या जागी निबर, तंतुमय ऊती वाढणे. सामान्यतः प्रौढांत, विशेषतः मद्यपींत दिसणारी ही अवस्था येथे दुधावरच्या मुलांत दिसत होती.

३/
आजाराची चाल कपटी होती. सहा महिने ते तीन-चार वर्षांचे मूल किरकिरे होई, भूक मंदावे, अंगात बारीक ताप राही. पोट वाढू लागे. डॉक्टरांच्या बोटांना यकृताची कडा पानाच्या धारेसारखी टणक लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, रक्तस्राव. निदान झाल्यानंतर बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. पुष्कळदा एकाच घरातील पाठोपाठची भावंडे याच वाटेने जात.

४/
भावंडांमधील या पुनरावृत्तीमुळे रोग ‘रक्तातला’ मानला गेला. ज्या काळी मूल दगावले की बोट आधी आईकडे वळे, त्या काळी अशा तर्काचा भार कोणावर पडत असेल हे सांगायला नको. संशोधकही चाचपडत होते. कोणी विषाणूला दोष दिला, कोणी कुपोषणाला, तर कोणी बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन या विषाला. प्रत्येक उपपत्तीत काहीतरी निसटत होते.

५/
सर्वांत मोठे कोडे होते रुग्णांच्या घरांचे. बालरोग म्हटला की दारिद्र्य, उपासमार, अस्वच्छता ही कारणे गृहीत धरली जातात. हा रोग मात्र खेड्यांतील आणि लहान गावांतील खाऊनपिऊन सुखी घरांत अधिक आढळे. ज्या घरात गाय किंवा म्हैस होती, बाळाला वरचे दूध लवकर देण्याची ऐपत होती आणि फडताळात भांडी लखलखत होती, तेथेच मुले मरत होती.

६/
ती भांडी बहुधा पितळेची असत. स्टेनलेस स्टील घरोघर पोहोचण्यापूर्वी रत्नागिरीच्या माजघरापासून पुण्याच्या वाड्यापर्यंत हंडे, कळश्या, पातेली, तपेल्या या तांब्या-पितळेच्याच. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही नावाने त्या व्यवसायाची साक्ष देते. तेथील तांबटांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून आले असे मानले जाते. मुलीच्या लग्नात भांडी देणे ही प्रतिष्ठा होती आणि अडीअडचणीला गहाण टाकता येणारी ती ठेवही होती.

७/
पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात अन्न बिघडू शकते हे जुन्या पिढ्यांना पक्के ठाऊक होते. ताक किंवा आमटी पितळेत राहिली की ती ‘कळकली’ म्हणत आणि टाकून देत. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवी, नवसागर टाकून ते साफ करी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. कथिलाचा तो पातळ थर अन्न आणि पितळ यांच्यामध्ये उभा राही. थर झिजला की पुन्हा कल्हई.

८/
हे लोकज्ञान खरे होते, पण त्याची सारी भिस्त आंबटपणावर होती. दूध आंबट नाही. मग ते कळकेल कसे? त्यामुळे कल्हई उडालेल्या किंवा मुळातच कल्हई नसलेल्या तपेलीत दूध तापवणे आणि तासन्‌तास ठेवणे कोणाला धोक्याचे वाटले नाही. प्रत्यक्षात दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते. पितळेत तापवलेले आणि साठवलेले दूध तांबे ओढून घेत राहते.

९/
येथे शरीरशास्त्राकडे वळावे लागते. तांबे हे विष नाही, ते अत्यावश्यक खनिज आहे. रक्तनिर्मितीपासून मज्जासंस्थेपर्यंत अनेक कामांना ते लागते. आईच्या दुधात ते फार थोडे असते. म्हणून गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत बाळाचे यकृत तांब्याची शिदोरी साठवून ठेवते. जन्मल्यानंतरचे पहिले काही महिने बाळ त्या शिदोरीवर काढते.

१०/
प्रौढांचे आतडे तांब्याच्या बाबतीत जागरूक द्वारपालासारखे वागते : आहारात तांबे वाढले की शोषणाचे प्रमाण घटते. जे जास्त आत आले ते यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळात हे दोन्ही बंदोबस्त अजून कच्चे असतात. आतडे बरेच काही आत घेते, पित्ताचा मार्ग मंद असतो आणि यकृत आधीच भरलेले असते. त्यात दररोज पितळी तपेलीतले दूध गेले तर तांबे साठतच जाणार.

११/
ही साखळी जुळवणारे काम पुण्यात झाले. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे अशी मुले पाहत होते. ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर त्यांच्यासोबत आले. यकृताच्या नमुन्यांना ऑर्सीन नावाचा रंग दिला असता पेशींमध्ये गडद तपकिरी, भरड कण दिसत. तांब्याशी जखडलेल्या प्रथिनाची ती खूण होती.

१२/
१९७९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात टॅनर, पंडित आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या यकृतातील वाढलेल्या तांब्याची मोजमापे प्रसिद्ध केली. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या आजारात ते अनेकदा ८०० मायक्रोग्रॅमच्याही वर जाते. आता प्रश्न असा होता : हे तांबे आजाराचे कारण, की आजारी यकृताला ते बाहेर टाकता येत नाही म्हणून साचलेला परिणाम?

१३/
उत्तरासाठी प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात जावे लागले. १९८३ मध्ये टॅनर, भावे, पंडित आणि सहकाऱ्यांनी तांबेमिश्रित वरचे दूध लवकर सुरू होणे हे संभाव्य कारण म्हणून मांडले. १९८७ मध्ये रुग्ण मुले आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना वरचे दूध लवकर मिळाले होते आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांतून येण्याचे प्रमाण अधिक होते. ‘रक्तातला’ वाटणारा रोग भावंडांमध्ये का फिरतो याचेही एक साधे स्पष्टीकरण मिळाले. भावंडांचे रक्त जसे सामाईक, तशी तपेलीही सामाईकच होती.

१४/
उपचारांची दिशाही यातून मिळाली. पेनिसिलामीन हे औषध शरीरातील तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढते. पुण्यातील चाचण्यांत, यकृताची हानी फार पुढे जाण्याआधी ते सुरू केलेली काही मुले वाचली आणि मोठी झाली. उशीर झालेल्या मुलांना त्याचा फारसा उपयोग होत नसे. म्हणून खरा भर प्रतिबंधावर राहिला : बाळाला आईचे दूध द्या आणि वरच्या दुधासाठी पितळेचे भांडे वापरू नका. या प्रतिबंधाचा अनुभव १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१५/
याच सुमारास स्टील आणि ॲल्युमिनियम घराघरांत शिरले. स्टील हलके होते, त्याला कल्हईची कटकट नव्हती, ते घासायला सोपे होते. जुनी पितळी भांडी मोडीत निघाली. बाळाच्या यकृतासाठी कोणी हा बदल केला असे नव्हे, पण रोग ओसरू लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस, एकेकाळी वॉर्डांतून नेहमी दिसणारा हा आजार तरुण डॉक्टरांना पाठ्यपुस्तकातच भेटू लागला.

१६/
काही संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले. काही रुग्णांच्या घरी पितळेचा वापर आढळला नव्हता. उलट, पितळेतले दूध पिऊन असंख्य मुले ठणठणीतही राहिली होती. या दुसऱ्या शंकेला उत्तर देण्यास युरोपातील एक उदाहरण उपयोगी पडते. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृतविकाराने दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत उकळून बाळांना दिले जाई. तेथेही नवी भांडी आली आणि रोग गेला.

१७/
टिरोलमधील कुटुंबांच्या वंशावळींवरून संशोधकांनी असे अनुमान काढले की काही मुलांत तांबे न पेलण्याचा आनुवंशिक कमकुवतपणा असावा. म्हणजे आनुवंशिकतेचा जुना संशय अगदीच निराधार नव्हता. बीज काही घरांत असेल. त्याला खतपाणी तपेलीने घातले. बीज बदलणे कोणाच्या हाती नव्हते, भांडे बदलणे मात्र होते.

१८/
‘जुने ते सोने’ आणि ‘जुने ते अडाणी’ ही दोन्ही टोके या इतिहासापुढे टिकत नाहीत. कल्हईची परंपरा हे खरे ज्ञान होते आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्या अन्न राखले. तरी त्या ज्ञानालाही सीमा होती, आणि नेमक्या त्या सीमेवर सर्वांत लहान जीव उभा होता. आज पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात. ती जरूर घ्यावीत. बाळाच्या दुधासाठी मात्र नव्हेत.

१९/
पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी तांब्या-पितळेची भांडी पाहताना लोक त्यांची घडण आणि नक्षी न्याहाळतात. रत्नागिरीकडच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरही तशी तपेली धूळ खात असेल. तिच्या आतला कथिलाचा थर शाबूत आहे की झिजून पितळ उघडे पडले आहे, हेही पाहावे. नावनिशी न उरलेल्या कित्येक बाळांच्या इतिहासाचे तेवढेच साधन हाती राहिले आहे.