टोपीतलं ग्रीस

92 दिवस आधी

17 सप्टेंबर 2024, अनंत चतुर्दशी. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावचा गणपती दरवर्षी आमच्याच ट्रॉलीत असतो. गावातली मिरवणूक आटोपली, पोट्टे ट्रॉलीत चढले आणि भाऊनं पूर्णेच्या काठापर्यंतचा रस्ता जोरात कापला. काठावर ट्रॉली मागं घेत घेत थेट पाण्यात उतरवली. मूर्ती सोडायला सोपं पडावं म्हणून चाकं निम्मी बुडेपर्यंत. आरती झाली. सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे होते, माझेही.

चाकाच्या मधोमध जो हब असतो, तो पळून पळून तापलेला होता. आतली हवा फुगलेली होती. तापलेला हब गार पाण्यात गेला की ती हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. तिला वाट मिळते ती मागच्या बाजूच्या ऑइल सीलमधून, आणि आमच्या सीलची रबरी कड झिजून गेलेली होती. होडी ट्रेलरवरून पाण्यात सोडणारे लोक हे जाणतात. ते आधी हब निवू देतात आणि मगच चाक पाण्यात घालतात. काही जण तर हबला स्प्रिंगची टोपी बसवतात, म्हणजे आतल्या ग्रीसवर सतत थोडा दाब राहतो आणि पाण्याला शिरायला जागा मिळत नाही. आमच्याकडे होडी नाही. पण त्या संध्याकाळी आमची ट्रॉली होडीच्या ट्रेलरचंच काम करत होती.

91 दिवस आधी

दुसऱ्या दिवशी चिखल धुतला, बोअरच्या पाण्यानं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांना तो पसरलेला आहे. इथलं जमिनीखालचं पाणी पिकाला सोसत नाही, तर लोखंडाला काय सोसणार? मी पंपाचा फवारा नेमका हबवर धरला आणि तो लखलखीत होईपर्यंत सोडला नाही. समुद्र आमच्यापासून कितीतरी लांब आहे, पण मीठ पायाखालीच आहे.

47 दिवस आधी

लक्ष्मीपूजन. यंत्रांची पूजा करायची म्हणून मी सकाळी ट्रॉलीला "ग्रीस केलं". म्हणजे काय केलं? हबवरची पत्र्याची टोपी ठोकून काढली, तिच्यात डब्यातलं पिवळं ग्रीस काठोकाठ भरलं आणि टोपी परत बसवली. वर हळदकुंकू लावलं.

हे मला इथं सविस्तर सांगायचं आहे, कारण गावोगाव असंच केलं जातं. टोपीतलं ग्रीस टोपीतच राहतं. हबमध्ये दोन बेरिंगं असतात, बाहेरचं लहान आणि आतलं मोठं. भार मुख्यतः आतलं घेतं, आणि पाणीही पहिल्यांदा त्याच्याच बाजूनं शिरतं. ते पाहायचं तर ट्रॉली जॅकवर घ्यावी लागते, स्प्लिट पिन काढावी लागते, नट खोलून अख्खा हब ओढून काढावा लागतो. जुनं ग्रीस रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवायचं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. रोलर निळसर दिसले तर बेरिंग तापून गेलं आहे. बोटाला खड्डे लागले तर ते फेकायचं, त्याच्यासोबत हबमधला त्याचा कप, म्हणजे बाहेरची कडीही बदलायची. बेरिंग पूर्ण सुकलं की तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या फटीतून ग्रीस वर येईपर्यंत. सील नवं घालायचं. नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, मग जरासा सैल करायचा, आणि पिन नवी. आवळून ठेवला तर बेरिंग जळतं, फार ढिला ठेवला तर चाक डुलतं. दोन चाकांना अर्धा दिवस जातो. मी दहा मिनिटांत उरकलं.

आमचे आजोबा, आबाजी, बैलबंडीला ओंगण, म्हणजे वंगण, द्यायचे तेव्हा चाक आखावरून बाहेर सरकवायचे. चाक न काढता ओंगण देता येतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नसतं. एरंडेलाची नळी बंडीलाच लटकलेली असे.

12 तास आधी

17 डिसेंबर, दुपारचे चार. ट्रॉलीत 22 क्विंटल कापूस भरला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये होता, म्हणजे ट्रॉलीत 1,65,462 रुपये होते. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर खरेदी केंद्रावरून माल परत पाठवतात, म्हणून दोन दिवस उन्हात वाळवलेला. कोरडा ठणठणीत कापूस. वरून ताडपत्री, दोरखंड.

3 तास 20 मिनिटं आधी

रात्री एकला निघालो. अकोल्याच्या जिनिंगसमोर रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून. भाऊ चालवत होता, मी मडगार्डवर बसलो होतो.

1 तास 30 मिनिटं आधी

एका टपरीवर चहा. टपरीवाल्या म्हाताऱ्यानं तोंड पुढं करून वास घेतला. "भाऊ, जळल्यासारखं काई वास येऊन राह्यलं तुमच्या गाडीतून."

"ब्रेक गरम झाला असन," भाऊ म्हणाला.

ट्रॉलीला ब्रेक नव्हते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी उतरलो, चहाचा ग्लास घेऊन चाकाशेजारून चाललो आणि पुन्हा चढलो. हाताची मागची बाजू हबला लावून बघायला किती वेळ लागतो? कोमट असेल तर निघा, हात टेकवत नसेल तर थांबा. त्याला हत्यार लागत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 3 फेब्रुवारी 2023 च्या रात्री एका मालगाडीच्या बेरिंगला असा "हात" यंत्रांनी तीनदा लावला होता. रुळांशेजारच्या उष्णतामापकांनी ते बेरिंग हवेपेक्षा आधी 21 अंश सेल्सियस जास्त तापलेलं दाखवलं, मग 57. त्यानंतर 32 किलोमीटर मापकच नव्हता. ईस्ट पॅलेस्टाईन गावाजवळ आकडा 141 वर गेला तेव्हा कुठं इशारा वाजला. गाडी थांबत असतानाच 38 डबे रुळांवरून गेले. काहींत विनाइल क्लोराइड होतं. तीन दिवसांनी ते मुद्दाम जाळलं गेलं, लोकांना घरं सोडावी लागली. मी त्या बातमीचं चित्र फोनवर पाहिलं होतं. काळा धूर. टपरीवर मला ते आठवलं नाही.

35 मिनिटं आधी

म्हैसांगजवळ पूर्णेचा पूल ओलांडला. आता आवाज होता. जात्यात खडा यावा तशी घरघर, आणि मध्येच एक टक्. रोलर ज्या जाळीत बसवलेले असतात ती फाटत होती. भाऊ म्हणाला, "अकोल्याले पाहू." मी हो म्हणालो.

4 मिनिटं आधी

घरघर थांबली. मला बरं वाटलं. आता कळतं, तेव्हा रोलर पडून गेले होते आणि हब नुसत्या आखावर घासत होता.

पहाटे 4.20

उजवं चाक आम्हाला ओलांडून पुढं गेलं. ट्रॅक्टरच्या उजेडात ते एकटंच धावताना दिसलं, मग तुरीत शिरलं. ट्रॉली उजवीकडे बसली, आखाचं टोक डांबरावर खरडत गेलं आणि ठिणग्यांची ओळ उठली. फळ्यांच्या फटीतून कापूस लोंबत होता.

कापसात आग झरझर पसरते. ज्योत फळीवरून ताडपत्रीखाली गेली. भाऊ हूकची पिन उपसायला धावला, पण ट्रॉली कलल्यामुळं पिन आवळून बसली होती. मी हातोडा शोधेपर्यंत त्यानं ती हातांनी ओढली. पिन निघाली, ट्रॅक्टर वाचला. त्याच्या दोन्ही तळहातांची कातडी त्या लोखंडाला राहिली.

6 तासांनंतर

बाहेरून विझलेला कापूस आतून धुमसत होता. पाणी मारलं की वाफ, थोड्या वेळानं पुन्हा धूर. आखावर आतल्या बेरिंगची आतली कडी जळून चिकटली होती, निळीकाळी. भाऊ दवाखान्यात होता. मी चाक शोधायला तुरीत उतरलो. वाटेत टोपी सापडली, चाकाच्या बरीच अलीकडे. उलटी पडली होती. आत माझं दिवाळीचं ग्रीस होतं, काठोकाठ, पिवळंधमक, त्यावर माझ्या बोटांचे ठसे तसेच.