चित्रपट पाहिल्यानंतरचे वाद

चित्रपटाची निम्मी गोडी बाहेर पडल्यावरच्या वादात असते. 1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, ती परदेशी चित्रपट पाहावेत आणि त्यांवर मनसोक्त भांडावे म्हणून! राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकार. 1948 मध्ये 'स्टेट्समन'मधून त्यांनी भारतीय चित्रपटांचे दोष परखडपणे मांडले. टीका काय, सोपी असते हो! पण 1950 साली लंडनमध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला आणि स्वस्थ बसवेना. खरे रस्ते, नवखी माणसे. आपलाही चित्रपट असाच करायचा. मग पैसे संपले, पत्नीचे दागिने गहाण पडले, चित्रीकरण थांबले. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा पुरवला, आणि 1955 साली 'पथेर पांचाली' पडद्यावर आला. आता वाद घालायची पाळी इतरांची होती.