तरी, वरकस आणि पाणथळ : कशेळ्याच्या खाचरांचा इतिहास

पाणथळ जागा म्हटले की नांदूर मध्यमेश्वर आठवते, नाहीतर ठाण्याची खाडी. दोन्ही ठिकाणे रामसर यादीत आहेत, दोन्हीकडे पाहुणे पक्षी येतात. कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याचे नाव त्यांच्या जोडीला कोणी घेत नाही. जुने कागद आणि आजची जमीन ताडून पाहताना माझे मात्र असे मत झाले आहे की, कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या या गावाभोवती दर पावसाळ्यात एक विस्तीर्ण पाणथळ जागा उभी राहते आणि ती माणसाने घडवलेली आहे. ती म्हणजे भाताचे खाचर.

पाणथळ तयार व्हायला तीन गोष्टी लागतात : भरपूर पाणी, ते थांबेल अशी जागा आणि ते झटकन मुरू न देणारा तळ. पहिली गोष्ट सह्याद्री देतो. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जमीन उताराची. पाणी ओढ्यांवाटे पेज नदीत, तिथून उल्हास नदीत आणि पुढे खाडीकडे धावते. उरलेल्या दोन गोष्टी कुणब्यांच्या आणि आदिवासींच्या हातांनी केल्या. उताराला आडवे बांध घालून त्यांनी मागे गाळ साचू दिला. मग पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी झाली. नांगर आणि बैलांच्या पायांनी माती कालवली की तिची छिद्रे बुजतात आणि वीतभर खाली घट्ट थर बसतो. त्यावर पाणी उभे राहते आणि काही दिवसांतच मातीतला प्राणवायू संपतो. इतर बहुतेक पिके अशा मातीत गुदमरतात. भाताच्या मुळांत मात्र दलदलीतल्या वनस्पतींप्रमाणे हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात.

ही रचना सरकारी कागदांत कशी उतरली? १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते) भातशेतीबद्दल आणि राबाबद्दल तपशिलाने लिहिते. राबासाठी फांद्या तोडण्यावर जंगलखात्याने निर्बंध आणले. त्यावरून उठलेल्या असंतोषाची चौकशी करणाऱ्या मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. सातबाऱ्यावर आजही भातजमीन ‘तरी’ आणि डोंगरउताराची जमीन ‘वरकस’ म्हणून नोंदली जाते. या सगळ्यात खाचर दिसते ते पीक आणि सारा म्हणून. त्यात उभे राहणारे पाणी कोणी मोजले नाही.

१९२२ साली टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र सुरू झाले आणि इथल्या पाण्याचा इतिहास बदलला. पूर्वेला भीमेकडे जाणारे आंध्रा नदीचे पाणी घाट उतरून पेजेत येऊ लागले. आंदर मावळातली खाचरे ठोकरवाडीच्या जलाशयाखाली गेली. घाटाखाली त्याच पाण्यावर उन्हाळी भात उभा राहिला. एका खोऱ्याचे नुकसान ते दुसऱ्याचे पीक, हा हिशोबही कोणत्या एका कागदावर सापडत नाही.

आता पाण्याचा साधा हिशोब मांडू. एक एकर खाचरात चार इंच पाणी उभे राहिले, तर ते चार लाख लिटरांहून जास्त होते. ते हळूहळू झिरपते, खालच्या खाचरात उतरते, गाळ मागे ठेवते. २६ जुलै २००५ रोजी उल्हासने बदलापूर-कल्याण पट्टा बुडवला. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. एवढा पाऊस खाचरांनी रोखला असता असे मी म्हणत नाही. पण ज्या नदीकाठी लाखो लोक राहतात, तिच्या माथ्यावर पाणी थोपवणारी प्रत्येक जागा मोलाची आहे. शिवाय पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून खाचरांत चढतात. ही वलगण कातकरी-ठाकरांच्या ताटात अन्न आणते. मधला एक ओढा बुजला की तिची वाट बंद होते.

१९७१ च्या रामसर कराराने मानवनिर्मित पाणथळींनाही व्याख्येत घेतले. २००८ मध्ये कोरियातल्या चांगवोन परिषदेने भातखाचरांचे महत्त्व पाणथळ म्हणून ठरावाने मान्य केले. भारत १९८२ पासून या कराराचा सदस्य आहे. तरीही आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे व्याख्येतून वगळली. शेतकऱ्यावर नवे निर्बंध नकोत, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा की, ‘तरी’ जमीन बिगरशेती होते, भराव पडतो, फार्महाऊस उभे राहते आणि कागदोपत्री एकही पाणथळ कमी होत नाही.

शेतकऱ्याने तोट्यातला भात आपल्यासाठी लावत राहावा, असे शहरात बसून सांगणे सोपे आहे. बांध राखण्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, आणि त्याआधी त्या बांधामागचे पाणी कुठेतरी लिहिले गेले पाहिजे. जैवविविधता कायद्यानुसार गावाने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. खाचरे, ओढे आणि वलगणीच्या वाटा तिच्यात सर्व्हे नंबरसह लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांना या वाटा ठाऊक आहेत, त्यांच्यापासून ही नोंद सुरू व्हावी.