आसलो तर?

मालवण तालुक्यातल्या आचरे गावात दर तीन-चार वर्षांनी एक दिवस असा येतो की सूर्य कलायच्या आत अख्खं गाव रिकामं होतं. त्याआधी रामेश्वराच्या देवळात मानकरी जमतात, देवाला कौल लावतात, देवानं हुकूम दिला की दिवस मुक्रर होतो. दिवस बहुधा मार्गशीर्षाच्या आसपासचा, भातं झोडून झालेली, हवेत गारवा धरलेला. माणसं गुरंवासरं, कोंबड्या, कुत्री घेऊन शिवेबाहेर पडतात. कोणी खाडीपलीकडे, कोणी माळावर, माडाच्या झापांच्या राहुट्या उभारून राहतात. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, तुळशीपुढे दिवा लागत नाही, बाजारपेठेत फळी उघडत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवानं होकार दिला तर गाव भरायचं, नाहीतर आणखी एक रात्र बाहेर काढायची.

हीच गावपळण. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही ती आहे, आणि वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात तर दर वर्षी पाळतात. आचऱ्यात हिंदूंबरोबर मुसलमान घरंही बाहेर पडतात, कारण हुकूम गावाला असतो. ही वहिवाट कधी सुरू झाली याचा कागद नाही. तोंडी सांगितलं जातं ते असं की गावात भुताखेतांचा वावर वाढला होता, गावकऱ्यांनी रामेश्वराला साकडं घातलं, आणि देवानं सांगितलं, तीन दिवस गाव माझ्या हवाली करा. शिकलेली पिढी दुसरं कारण सांगते: गाव मोकळं राहिलं की साथीचे रोग तुटतात, हवा-पाणी स्वच्छ होतं.

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे दुसऱ्या कारणाकडे माझा ओढा असणं साहजिक होतं. त्याला आधारही आहे. 1896च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, 1897मध्ये सरकारनं साथरोगांचा कायदा केला, आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रात उंदीर पडू लागले की गावंच्या गावं शेतात झोपड्या बांधून राहायला गेली. घर सोडणं हा साथीवरचा जुना आणि खरा उपाय होता. पण आचऱ्याचं गाव साथ आली म्हणून बाहेर पडत नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना पडतं, आणि कधी परतायचं हे ताप किंवा उंदीर मोजून ठरवत नाही, देवाला विचारून ठरवतं. आरोग्याचं कारण खरं असलं तरी ते सगळं कारण नव्हे.

सगळं कारण मला माझ्या आजीच्या तोंडून मिळालं. तिला कुणीतरी विचारलं होतं, देव आहे याची तुला खात्री आहे का? ती म्हणाली, "देव आसा काय नाय, ता माका ठावक नाय. पन आसलो तर? तेका येवक-जावक वाट नको?"

सिंधुदुर्गातल्या देवधर्माचा इतिहास मी या एका वाक्याभोवती मांडत आले आहे. देव आहे की नाही यावर आमच्या किनाऱ्यानं फारसा वाद घातलेला नाही. 'असला तर आपण कसं वागावं' या प्रश्नावर मात्र त्यानं पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटी रचल्या, आणि त्या बहुतेक सगळ्या एकाच दिशेला जातात: आपल्या मालकीतलं काहीतरी त्याच्यासाठी मोकळं सोडायचं.

यातली सगळ्यात बारीक वहिवाट कौलाची. गुरव आंघोळ करून ओलेत्यानं गाभाऱ्यात जातो. देवाच्या पाषाणावर किंवा मूर्तीवर ठरलेल्या जागी भिजवलेले तांदूळ चिकटवतो. काही देवळांत फुलाच्या पाकळ्या किंवा पानं लावतात. समोर मानकरी गाऱ्हाणं घालतो. गावातल्या देवदेवतांची, शिवेवरच्या राखणदारांची नावं घेऊन मग तो प्रश्न सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणतात. गाऱ्हाण्यात चुकल्यामाकल्याची माफी हटकून असते. कुणाचं नाव राहिलं असेल, काही आगळीक झाली असेल, तर सांभाळून घे. मग सगळे गप्प होतात. पाण्यानं धरलेला तांदूळ सुटू लागतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कधी बराच वेळ काहीच पडत नाही, तेव्हा प्रश्न बदलून, अधिक नेमका करून पुन्हा घालतात.

ते पाहताना माझं लक्ष तांदळापेक्षा माणसांकडे जातं. सकाळपर्यंत आपलंच खरं म्हणणारी माणसं तिथे हात जोडून नकार ऐकायच्या तयारीनं उभी असतात. डावा पडला तर ठरलेला बेत मोडतो, आणि मोडलेला बेत माणसं मान्य करतात. मसुरे गावच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा हे याचं आजचं मोठं उदाहरण. या जत्रेची तारीख कुठल्याही पंचांगात सापडत नाही. ती दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली; आता जत्रेसाठी जादा गाड्या सुटतात, एसटी वेगळं नियोजन करते, मुंबईतले चाकरमानी रजा टाकतात, मंत्री दौरे आखतात, आणि हे सगळे देवीची तारीख जाहीर होण्याची वाट पाहतात. लाखोंच्या गर्दीचं वेळापत्रक आपल्या हाती नाही, हे मान्य करून चालणारा एवढा मोठा व्यवहार मला दुसरीकडे दिसत नाही.

हे भोळ्या माणसांचंच काम, असं कुणी म्हणेल तर त्यानं मालवणच्या किनाऱ्यावर जावं. तिथे मोरयाचा धोंडा आहे; खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी इथे पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. त्याच किल्ल्याच्या पायात शिसं ओतलं गेलं, कारण लाटेपुढे नुसता चुना टिकणारा नव्हता. तीन वर्षांत सुमारे 48 एकरांचा जलदुर्ग उभा राहिला. धोंड्याची पूजा केली म्हणून महाराजांनी शिशात काटकसर केली नाही, आणि शिसं भक्कम म्हणून पूजा टाळली नाही. जेवढं माणसाच्या हातात होतं तेवढं पुरतं केलं, आणि जे हातात नव्हतं त्याच्यापुढे मान लववली. कोळी-गाबीत समाजाची नारळी पौर्णिमाही त्याच जातीची. मालवणात किल्ल्यातून मानाचा नारळ येतो, दर्याला अर्पण होतो, आणि तोवर पावसातला दर्या त्याचा त्याला सोडलेला असतो. आज सरकारी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी कायद्यानं चालते. कायदा येण्याच्या कितीतरी आधी पावसात होड्या ओढून ठेवण्याला दर्याच्या मानाची जोड होती.

योगायोग असा की सिंधुदुर्गाचा पाया पडत होता त्याच्या आगेमागेच फ्रान्समध्ये हाच प्रश्न एका गणितज्ञानं कागदावर मांडून ठेवला होता. ब्लेझ पास्कल 1662मध्ये वारला आणि त्याची टिपणं 1670मध्ये छापली गेली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव आहे की नाही हे बुद्धीनं सिद्ध होत नाही, पण पैज लावणं टळतही नाही. आहे असं धरून चाललो आणि तो असला, तर लाभ अनंत. नसला तर नुकसान थोडं. म्हणून आहे असं धरावं. या मांडणीपुढे मी नेहमी आदरानं थांबते, कारण अनिश्चितता लपवून न ठेवता तिच्यासकट कसं जगावं हे त्यानं विचारलं. पण त्या हिशोबात माणूस एकटा आहे आणि त्याची नजर स्वतःच्या लाभावर आहे. आचऱ्याच्या वेशीबाहेर राहुटीत झोपणारा माणूस एकटा नसतो, आणि त्याला मोक्षाचं आश्वासन कुणी दिलेलं नसतं. तीन दिवसांचा धंदा बुडतो, म्हातारीला थंडीत झोपावं लागतं. तो काही मिळवायला जात नाही. गाव आपल्या एकट्याचं नाही, एवढं कबूल करायला जातो.

त्याच कबुलीची दुसरी रूपं दक्षिणेकडे दिसतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरून राखण करतो अशी श्रद्धा. फिरणाऱ्याला पायताण हवं, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. आज मूर्ती पंचधातूची आहे. पूर्वीची फणसाच्या लाकडाची होती, म्हणून आरवलीत फणसाचं लाकूड घरकामाला वापरायचं नाही असा रिवाज पडला. कोकणात फणसाचं लाकूड किती मोलाचं, हे सांगायला नको. तरीही ते वर्ज्य केलं. सातेरी, रवळनाथ, माउली यांच्या देवराया तशाच. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाचं रान कसं शिल्लक राहिलं हे जगापुढे मांडलं. देवराईतलं झाड तोडायचं तर आधी देवाला विचारायचं. जिथे विचारणं थांबलं, तिथे कुऱ्हाडीला कुणी अडवलं नाही.

एवढं मनापासून लिहिल्यावर दुसरी बाजू तितक्याच मनापासून लिहायला हवी. कौल देवाचा असला तरी तांदूळ माणसाच्या हातचा असतो. गाऱ्हाणं कोणी घालायचं, पहिला मान कोणाचा, गाभाऱ्यापर्यंत कोणी जायचं, हे जातीनं आणि घराण्यानं ठरत आलं, आणि बायकांना त्यात शब्द नव्हता. मानपानाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चालले आहेत. देव असण्याच्या शक्यतेवर काहींनी हक्क सांगितला आणि उरलेल्यांना हात जोडून उभं केलं. देव असेल, तर त्यानं आपला आवाज मोजक्या घराण्यांकडे गहाण ठेवला असेल, हे मला पटत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर माणसाला शोधून काढता येतं, तो देवाच्या पाषाणावर ठेवायचा नाही. विंचू चावला की देवळात न्यायचं, ही कोकणात एकेकाळची रीत होती. रायगड जिल्ह्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी सरकारी दवाखान्यात बसून विंचूदंशाच्या रुग्णांची काळजीपूर्वक निरीक्षणं केली, प्राझोसिन हे औषध वापरलं, आणि दंशानं गंभीर झालेल्यांतले शेकडा चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले. विंचू चढत असताना तांदूळ कुठे पडतो हे पाहत बसणं म्हणजे देवाला मान देणं नव्हे, समोरच्या जिवाकडे पाठ फिरवणं आहे. महाराजांनी पायात शिसं ओतलं, ते इथे आठवायचं.

मग 'आसलो तर' या प्रश्नाला कसं सामोरं जावं? या किनाऱ्याच्या इतिहासातून मी एक कसोटी घेतली आहे. देवाच्या नावानं घेतलेला निर्णय विचारणाऱ्याकडून काही सोडवतो का, हे पाहायचं. गाव तीन दिवस सोडणं, फणसाचं लाकूड वर्ज्य करणं, राईतल्या झाडाला हात न लावणं, पावसात जाळं न टाकणं, यांत विचारणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही; त्याच्या हावेला मात्र कुंपण पडतं. हाच कौल एखाद्याचा मान वाढवायला, कुणाला दाराबाहेर ठेवायला, जमीन बळकवायला वापरला, तर तो देवाचा नाही असं मोठ्यानं म्हणायची हिंमत गावानं ठेवली पाहिजे.

देव नसला, तर अशा वागण्यानं काय बुडालं? रानं राहिली, दर्याला श्वास मिळाला, एका गावानं एकत्र निघून एकत्र परतायची सवय जपली. आणि तो असला, तर त्याला माणसांच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळाली. म्हणून पुढच्या गावपळणीला ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. आजाऱ्याला, बाळंतिणीला, मनातून न पटणाऱ्याला जबरदस्ती करू नये. आणि गाऱ्हाणं घालायची पाळी या वेळी ज्यांना कधीच मिळाली नाही, त्यांना द्यावी.