एक्सपायर झालेला फोटो पेपर डार्करूममध्ये चालतो का?

जुन्या स्टुडिओच्या कपाटात कधी कधी ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपरचं न उघडलेलं पाकीट सापडतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असेल, नाहीतर कोडॅकचा. कोडॅकने हा पेपर बंद करण्याचा निर्णय २००५ मध्येच घेतला, त्यामुळे तो आज साधारण वीस वर्षं जुना तरी निघतो. असा पेपर फेकायचा का? आधी चाचणी करा, कारण तारखेपेक्षा तो कसा ठेवला होता हे जास्त महत्त्वाचं असतं.

पेपर खराब का होतो?

पेपरवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. उष्णता, दमट हवा आणि काळ यांमुळे काही कण प्रकाश न पडताही डेव्हलपरमध्ये काळे होतात. यालाच फॉग म्हणतात. पांढरा भाग राखाडी दिसतो, कॉन्ट्रास्ट घटतो आणि पेपरचा स्पीडही कमी होतो. कडांना हवा आधी लागते, म्हणून फॉग बहुतेक वेळा तिथून सुरू होतो.

दोन पट्ट्यांची चाचणी

पाकीट अंधारातच उघडा. सेफलाइट चालू न करता दोन पट्ट्या कापा. पहिली थेट फिक्सरमध्ये टाका. दुसरी दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवून मग फिक्स करा. धुऊन दोन्ही उजेडात शेजारी ठेवा.

• दोन्ही सारख्याच पांढऱ्या: फॉग नाही, प्रिंट काढून बघा.
• दुसरी किंचित राखाडी: पेपर वाचवता येईल.
• दुसरी गडद राखाडी: नेहमीच्या प्रिंटसाठी उपयोग नाही.

हलका फॉग असेल तर

बेन्झोट्रायझोलचं १ टक्का द्रावण वापरा. एक लिटर तयार डेव्हलपरमध्ये १० मिलीपासून सुरुवात करा आणि गरजेप्रमाणे थोडं थोडं वाढवा. हातमोजे घालायला विसरू नका. यामुळे पेपर आणखी स्लो होतो, म्हणून टेस्ट स्ट्रिप काढून एक्स्पोजर नव्याने ठरवा. फक्त कडा काळवंडल्या असतील तर त्या कापून टाका, काम भागतं.

फॉग जास्त असेल तर

लुमेन प्रिंट करा. पेपरवर पानं-फुलं ठेवून वर काच दाबा आणि उन्हात ठेवा. रंग उमटला की डेव्हलपर न वापरता थेट फिक्स करा. फिक्सरमध्ये रंग थोडे उतरतात, हे धरून चाला.

आणि हो, घरच्या जुन्या निगेटिव्हची जपून ठेवायची प्रिंट हवी असेल, तर त्यासाठी नवीन पेपरच घ्या.