व्ही ९२ : जुन्या टेलिफोन-तारेची अखेरची सुधारणा



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आपणांस होते. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती आपल्यापैकी कित्येकांच्या घरी टेलिफोनशेजारी ठेवलेली असे, आणि आता माळ्यावर सापडली तर सापडेल. ती वस्तू म्हणजे मोडेम. आम्ही विद्युत्‌शास्त्र कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, जुन्या पुस्तकांच्या आधाराने झाले. त्यामुळे यंत्र समोर आले की ते कोणाच्या मालकीचे, त्याचे भाडे कोण भरतो आणि त्यावर हुकूम कोणाचा चालतो, हे आम्ही आधी पाहतो. मोडेमचा इतिहास तर या प्रश्नांवाचून उलगडतच नाही.

टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने, एवढाच आवाज तिच्यातून पलीकडे जातो. संगणकाचे शून्य आणि एक या वाटेने जावयाचे तर त्यांना आवाजाचे रूप दिले पाहिजे आणि पलीकडे त्या आवाजाचे पुन्हा आकडे केले पाहिजेत. हे दुभाष्याचे काम मोडेम करतो. १९६२ साली अमेरिकेतील बेल कंपनीने ‘बेल १०३’ नावाचा मोडेम काढला. त्याचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सुमारे तीस इंग्रजी अक्षरे. भराभर वाचणाऱ्या माणसाला त्याची गती सहज गाठता आली असती.

परंतु तो मोडेम आपल्या घरच्या तारेला जोडण्याची मुभा कोणास होती? अमेरिकेत बहुतेक टेलिफोन एका कंपनीच्या हाती होते, आणि तिचा नियम असा की आमच्या तारेला आमच्याखेरीज कोणाचीही वस्तू लागता कामा नये. हा नियम किती ताणला जाई पाहा. टेलिफोनच्या तोंडाशी बसवावयाचा एक साधा पेला निघाला होता. बोलणे शेजाऱ्यास ऐकू जाऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. त्यात ना वीज, ना तार. तरी कंपनीने त्यास हरकत घेतली, आणि १९५६ साली न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कोठे त्या पेल्याची सुटका झाली! पुढे टेक्सासमधील टॉमस कार्टर या गृहस्थाने तेलाच्या विहिरींवर व दूरच्या कुरणांवर काम करणाऱ्या माणसांसाठी रेडिओ आणि टेलिफोन यांची सांगड घालणारे यंत्र केले. ते कार्टरफोन. कंपनीने तेही अडविले. जून १९६८ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने निवाडा दिला की, जाळ्यास अपाय न करणारी वस्तू जोडण्यास बंदी घालता येणार नाही. त्यानंतरही कंपनीने ‘संरक्षक’ म्हणून आपलीच एक पेटी भाड्याने घेण्याची अट काही वर्षे चालविली. मालक हरतो तेव्हा तो दरवाजा उघडतो खरा, पण उंबरठ्यावर टोलनाका बसवितो. हा अनुभव आमच्या क्षेत्रातही नवा नाही.

घरोघरचा मोडेम या निवाड्याचे अपत्य होय. १९८१ साली जॉर्जिया राज्यातील डेनिस हेझ व डेल हेदरिंग्टन यांनी ‘स्मार्टमोडेम’ काढला. तोवर बहुधा रिसीव्हर उचलून रबरी कपांत ठेवावा लागे. आता संगणकच मोडेमला हुकूम देऊ लागला. प्रत्येक हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होई. म्हणजे इंग्रजी ‘अटेन्शन’, कवायतीतले ‘सावधान’! ही हुकुमांची भाषा इतकी पसरली की प्रतिस्पर्ध्यांनीही तीच उचलली. हेझ कंपनी पुढे बुडाली. भाषा मात्र टिकली.

१९८० नंतर वेग वाढत गेला. ९६००, १४४००, २८८००, आणि अखेर ३३६००. झुरिकच्या प्रयोगशाळेतील उंगरबोक यांनी १९८२ साली मांडलेल्या संकेत-पद्धतीचा यात फार मोठा वाटा आहे. पण त्या गणितात आज शिरावयास नको. तारेतल्या गोंगाटामुळे यापुढे जाता येणार नाही, असे जाणकार म्हणू लागले होते.

मग ५६ हजारांचा मोडेम आला कोठून? यातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. टेलिफोन-केंद्र आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजते आणि दर मोजणीचा आठ बिटांचा आकडा करते. म्हणजे ६४ हजार बिट. मोजताना थोडी काटछाट होते, आणि तीच काटछाट मोडेमला गोंगाटासारखी नडते. पण इंटरनेट देणारी कंपनी जर केंद्राला आकड्यांच्याच तारेने जोडलेली असेल, तर तिच्याकडून घराकडे येताना मोजणी करावीच लागत नाही. आकड्याचा फक्त आवाज होतो. म्हणून उतरणीची वाट मोकळी, चढणीची मात्र अरुंद राहिली. वाटेत आणखी एक रूपांतर असले, उदाहरणार्थ एकाच जोडतारेवर दोन घरे बसविणारे यंत्र असले, तर सारी युक्ती फसे. अमेरिकेत तारेवरच्या शक्तीला मर्यादा असल्यामुळे तेथे ५६ हजारांचे प्रत्यक्षात ५३ हजारच होत. १९९७ साली दोन गटांनी दोन वेगळ्या रीती बाजारात आणल्या. एका रीतीचा मोडेम दुसऱ्या रीतीच्या कंपनीशी त्या वेगाने बोलत नसे, आणि भुर्दंड गिऱ्हाइकास. १९९८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘व्ही ९०’ हे सामाईक मान ठरविले तेव्हा ते भांडण मिटले.

आता त्या काळच्या घराकडे वळू. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीने तासांचा हिशेब सोडून महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट असा ठोक दर केला. लोक जोडणी सोडीनात, आणि जानेवारी १९९७ मध्ये तिच्या गिऱ्हाइकांच्या कानी ‘एंगेज’चाच सूर येऊ लागला, शेवटी कंपनीला पैसे परत करण्याचे मान्य करावे लागले. घरातही तेच. तार एक, आणि ती मुलाने इंटरनेटसाठी अडवून ठेवलेली. ‘कॉल वेटिंग’ची सोय असली तर त्या ‘टूं’ अशा आवाजानेच मोडेमची जोडणी तुटे. म्हणून तारा-७० फिरवून ती सोय बंद करीत आणि मग इंटरनेट लावीत. ज्याला ऐपत होती त्याने दुसरी तार घेतली. ज्याला नव्हती, त्या घरी कामावर बोलावणारा मुकादम, दवाखाना, म्हातारी आई यांपैकी कोणाचाही फोन लागत नसे. रोजंदारीवरच्या माणसाला एक न लागलेला फोन म्हणजे एक दिवसाची मजुरी.

नोव्हेंबर २००० मध्ये मान्य झालेले ‘व्ही ९२’ हे मान याच अडचणीवर होते. त्यातले मुख्य कलम असे की, कॉल वेटिंगचा सूर ऐकताच मोडेम पलीकडच्या मोडेमला ‘थांब’ म्हणून विनंती करतो. पलीकडचा किती वेळ थांबावयाचे ते सांगतो; ही मुदत दहा सेकंदांपासून सोळा मिनिटांपर्यंत, किंवा अमर्याद. मग आपण फोनवर बोलावे आणि परत इंटरनेटवर यावे, जोडणी शाबूत. दुसरे कलम झटपट जोडणीचे. मोडेम सुरुवातीला वीस-पंचवीस सेकंद जो किंचाळत असे ती तारेची पारख होती. नवा मोडेम मागल्या खेपेची पारख लक्षात ठेवी आणि त्याच क्रमांकाला पुन्हा लावताना हा वेळ निम्म्याच्या आसपास आणी. तिसऱ्याने चढणीचा वेग ३३६०० वरून ४८ हजारांपर्यंत गेला. शिवाय ‘व्ही ४४’ नावाची नवी दाबण्याची रीत आली. मजकुराची पाने तिने लवकर येत. आधीच दाबलेल्या चित्रांवर तिचा इलाज नव्हता.

हे घरी बसवावयाचे कसे? कित्येक जुन्या मोडेमांत नवे सॉफ्टवेअर भरले की काम होई, नवा घ्यावा लागत नसे. त्यानंतर संगणकात मोडेमच्या गुणधर्मांच्या पानावर जादा हुकुमांची एक रिकामी चौकट असे, तीत लिहावयाचे : थांबण्यासाठी ‘+पीएमएच=०’, झटपट जोडणीसाठी ‘+पीक्यूसी=०’, चढणीच्या वेगासाठी ‘+पीआयजी=०’. येथे शून्य म्हणजे चालू, हे ध्यानात ठेवावे लागे. उलटे समजून सोय बंद करून बसणारे पुष्कळ. फोन आल्याची खिडकी दाखविणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा चालू ठेवावा लागे. चढणीचा वेग वाढविला की कित्येक तारांवर उतरणीचा वेग घटे, म्हणून अनुभवी लोक ते तिसरे कलम सरळ बंद ठेवीत. आमच्या मते त्यांचे बरोबर होते. घरचा माणूस वाचतो अधिक, धाडतो कमी.

पण एवढे करूनही गाडी अडे ती पलीकडच्या टोकाला. ‘थांब’ला होकार देणे हे इंटरनेट कंपनीच्या हाती. थांबलेली जोडणी तिचे एक दार अडवून ठेवी आणि त्या वेळात कमाई काही नाही. मोठ्या कंपन्यांचे लक्ष तर तोवर वेगवान डीएसएल आणि केबल यांकडे वळले होते. गिऱ्हाइकाने मोडेम विकत घ्यावा, टेलिफोन कंपनीला कॉल वेटिंगचे पैसे द्यावे, आणि तरी सोय मिळेलच असे नाही. याच २००० सालच्या ऑगस्टात व्हेरायझन कंपनीच्या सुमारे ८६ हजार तार-कामगारांनी संप केला. सक्तीचा जादा वेळ आणि मोबाइल विभागात युनियन करण्याचा हक्क हे त्यातले मोठे प्रश्न होते. तांब्याच्या तारेवरचा माणूस आणि तांब्याच्या तारेवरचे गिऱ्हाईक, दोघांनाही एकाच वेळी कळून चुकले होते की मालकाचा डोळा आता दुसरीकडे आहे.

आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांना खुले केले; मुंबई पहिल्या शहरांत होती. येथे अमेरिकेसारखी ठोक भाड्याची स्थानिक तार नव्हती, मीटर चाले. जोडणी तुटली की नवा कॉल, नवा आकार. आमच्या कचेरीत एकच टेलिफोन होता. तो इंटरनेटला लागला की गेटवरच्या कार्यकर्त्यांना फोन लागत नसे, आणि निरोप घेऊन माणूस सायकलवरून येई. कचेरीने शेवटी वेळ वाटून घेतली : दुपारी दोन ते तीन मोडेम, बाकी दिवस माणसांचा.

अमेरिकेत हा प्रकार पुष्कळ वर्षे रेंगाळला. २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे १ लाख ६३ हजार घरे केवळ डायल-अपवर होती. ज्या कंपनीने १९९६ मध्ये ठोक दर आणला, तिने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली.