वंशवृक्षातील आकडे

मीरा रोडच्या आमच्या सदनिकेत घराण्याची वंशावळ संगणकावर चढवावयास बसलो, तो पहिली अडचण नावांचीच आली. आजोबांचे नाव नातवास ठेवावयाचे ही आपली चाल. एकाच घरात तीन विष्णू आणि चार रामचंद्र! यांतला कोणता कोणाचा, हे जुना कागद सांगेल तर शपथ. पेशव्यांचेच पाहा ना. बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजीच. बाजीराव दोन, माधवराव दोन. लोकांनी एकास 'थोरले' म्हटले, दुसऱ्यास 'सवाई', आणि काम भागविले. संगणकास मात्र आकडा लागतो.

आपल्या कुलवृत्तांतांत मूळपुरुषापासून पिढ्या मोजीत खाली उतरण्याची रीत आहे. त्याच रीतीने बाळाजी विश्वनाथांस १ म्हणू. मग बाजीराव १.१ आणि चिमाजीअप्पा १.२. आमच्या खाडीपलीकडची वसई १७३९ साली घेतली, तेच हे चिमाजीअप्पा. येथवर सोपे झाले. पण भिऊबाई आणि अनुबाई या लेकींचे काय? एक बारामतीच्या जोशांकडे गेली, दुसरी इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. त्यांना आकडा दिला की इचलकरंजीचे अख्खे घराणे पेशव्यांच्या वृक्षावर येते; न दिला, तर बापाला दोनच अपत्ये होती असे वाचणारा समजतो. नानासाहेब १.१.१ खरे, परंतु राघोबादादा दुसरे की तिसरे? मधला रामचंद्र लहानपणीच वारला, त्याचा आकडा मोजावयाचा की नाही? आणि मस्तानीचे समशेर बहादूर? १७६१ साली पानिपतच्या जखमांनी ते गेले. आम्ही त्यांना आकडा दिला आहे. बाजीरावांच्या पुत्रास बाजीरावांच्या शाखेवर जागा नसेल, तर ती वंशावळ नव्हे, सोवळ्याची यादी होय.

दत्तकाचा पेच याहून अवघड आहे. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ साली धोंडोपंत नानासाहेबांस दत्तक घेतले. धर्मशास्त्राने पुत्र मानले. पण १८५१ साली बाजीराव वारल्यावर वर्षाची आठ लाखांची नेमणूक कंपनीने पुढे चालविली नाही. अशा माणसास जन्मघराचा एक आणि दत्तकघराचा एक, असे दोन आकडे पडतात.

युरोपात खालून वर चढण्याची रीत निघाली. १५९० साली आयत्सिंगर याने ती छापली. पुढे १६७६ साली सोसा आणि १८९८ साली स्ट्राडोनित्स यांनी ती रूढ केली. स्वतःस १, बापास दुप्पट, आईस दुप्पट अधिक एक. सवाई माधवराव १ धरले, तर नारायणराव २, नानासाहेब ४, बाजीराव ८, बाळाजी विश्वनाथ १६. आणि विषम आकड्यांवर गंगाबाई ३, गोपिकाबाई ५, काशीबाई ९, राधाबाई १७. खाली उतरताना ज्या कंसात राहतात, त्या येथे स्वतःच्या आकड्याने उभ्या राहतात. आम्हांस ही रीत त्याचसाठी आवडली.

तिलाही आपल्याकडे खोट येतेच. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात बापाची आई आणि आईचा बाप सख्खी भावंडे असतात. म्हणजे १० तोच १२, आणि ११ तीच १३. संगणकाचा तोडगा निराळा. तो प्रत्येकास निरर्थक अनुक्रमांक देतो आणि नाती वेगळ्या नोंदीत ठेवतो. दत्तक, दुसरे लग्न, मामेबहीण, सारे त्यात बसते. परंतु एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेताना हा क्रमांक पुष्कळदा बदलतो. म्हणून तो कागदावर उतरवून ठेवण्यात अर्थ नाही.

आम्ही अखेर दोन्ही ठेवले: आत संगणकाचा क्रमांक, छापील तक्त्यावर दुपटीचा. त्या तक्त्यात ९ आकड्यापुढे आमच्या पणजीचे सासरचे नाव आहे. माहेरचे कोणास आठवत नाही. १८ आणि १९ कोरे आहेत.